महामारीत वाढलेलं मोबाइल पेमेंट: भीती किती, सवय किती?

(ही चौघांची चर्चा आहे; आकडेमोड, ताळेबंद, नियमवही आणि स्पर्शरेषा ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

आकडेमोड: २०१९ ते २०२२ चे मोबाइल पेमेंटचे महिनावार आकडे हाताशी आहेत. मार्च २०२० नंतरच्या वाढीत संसर्गाच्या भीतीचा वाटा किती, दुकानं बंद असल्याचा किती आणि टिकलेली सवय किती, हे वेगळं कसं काढायचं?

ताळेबंद: आधी व्यवहारांची संख्या आणि रक्कम वेगळी मांडा. निर्बंधांत लोक कमी वेळा बाहेर पडतात आणि एकदम जास्त घेतात, त्यामुळे संख्या घटली तरी सरासरी रक्कम चढते. मग ऑनलाइन खरेदी बाजूला काढा. दुकानं बंद असल्याचा परिणाम मुख्यतः तिथे दिसेल. नोटांना हात लावायची भीती शोधायची तर दुकानात समोरासमोर झालेल्या एकूण पेमेंटपैकी मोबाइलचं प्रमाण बघा.

सवयीसाठी महिन्याची बेरीज कामाची नाही. २०२० मध्ये पहिल्यांदाच मोबाइलने पैसे देणारे ग्राहक निवडा आणि त्यातले किती ६ आणि १२ महिन्यांनीही वापरत आहेत ते मोजा. एकदा वापरून सोडून देणारे बेरजेत वेगळे दिसतच नाहीत.

नियमवही: यात नियमांचे बदल मिसळलेले असतात, ते तारखेनिशी खुणावून ठेवा. केनियात मार्च २०२० मध्ये एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेत १,००० शिलिंगपर्यंतच्या व्यवहारांचं शुल्क माफ झालं. अशा वेळी मोठी रक्कम तुकड्यांत पाठवणं परवडतं आणि संख्या फुगू शकते. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२० पासून कॉन्टॅक्टलेस, म्हणजे यंत्राजवळ नुसतं धरून पैसे देण्याच्या, कार्डाची एका व्यवहाराची मर्यादा ३० वरून ४५ पौंड झाली. तिथे हात न लावता पैसे देण्याची सोय कार्डानेच वाढवली, म्हणजे भीती असूनही फोनचा वाटा तेवढा वाढेलच असं नाही.

आकडेमोड: सोबत २०२२ मधली प्रश्नावलीही आहे. ‘२०२० मध्ये नोटांची भीती वाटायची का?’ असा प्रश्न आहे.

ताळेबंद: तो प्रश्न कारण म्हणून वापरू नका. दोन वर्षांनी आठवून दिलेलं उत्तर आजच्या सवयीला जुळवून घेतं. जो आज फोनने पैसे देतो, तो तेव्हाची भीतीही जास्त सांगण्याची शक्यता असते.

स्पर्शरेषा: प्रश्नावलीत ‘वापरायला सोपं वाटतं का’ असाही प्रश्न असेल, तर त्याची उत्तरं फोन उघडण्याच्या पद्धतीनुसार वेगळी करा. मास्क असताना चेहऱ्याने फोन सहसा उघडत नव्हता, बोटाच्या ठशाने उघडत होता. आयफोनवर मास्कसह फेस आयडी (चेहऱ्याने फोन उघडण्याची सोय) मार्च २०२२ मध्ये आयओएस १५.४ या सॉफ्टवेअर अपडेटसोबत आलं, तेही आयफोन १२ पासून पुढेच. दोन्ही गट एकत्र केलेत तर मास्कची अडचण ॲपच्या नावावर जमा होईल.