ऊसतोडीला पॅड पाठवून काय साधणार?

बांधावरची: दिवाळीनंतर गावातून कारखान्यावर निघणाऱ्या बायकांना सहा महिन्यांचे पॅड बांधून द्यायचे, असं आमच्या बचत गटाचं ठरतंय. विरोध मी एकटीनेच केला. पहाटे चारला उसाच्या फडात शिरलेली बाई पॅड बदलणार कुठे? न्हाणी नाही, संडास नाही, हात धुवायला पाणी नाही. 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया तपासणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीसमोर बीडचं सर्वेक्षण आलं. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. कारणं बरीच असतील, पण पाळी म्हणजे खाडा, म्हणजे गैरहजेरी आणि तिचा दंड, हे त्यातलं एक. त्याला पॅड काय करणार?

माजलगावकर: ताई, पाणी येईस्तोवर बाईने फडकंच घ्यायचं का? आईचा कोयता मी पाहिलाय. न धुतलेलं फडकं कोपीमागे, म्हणजे झोपडीमागे, कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या कापडाखाली, ओलंच वाळत घातलेलं. पाणी नाही तिथेच पॅड हवा, तो धुवावा लागत नाही.

बांधावरची: आणि टाकायचा कुठे, पाचटात?

माजलगावकर: हो, पाचटात. खाजेपेक्षा ते बरं.

आकडेमोड: 2018 मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला. त्याच वर्षी राज्याची अस्मिता योजना आली, झेडपीच्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड. 2019 पासून जनऔषधी केंद्रात एक पॅड 1 रुपयाला. मग गरिबी आडवी येते कुठे?

बांधावरची: पटावर नाव गावच्या शाळेत, पोरगी कारखान्यावर धाकट्याला सांभाळत बसलेली. योजना गावात राहते, माणूस जातो. रात्री नऊला मोळ्या गाडीत भरून सुटलेली बाई तालुक्याचं औषधाचं दुकान गाठणार कधी?

जुना मुकादम: सगळं आमच्यावर ढकलू नका. कारखान्याला मजूर मी पुरवतो, त्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, माझ्या जबाबदारीवर देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई बसली की कोयता बसला. गाडी भरली नाही तर कारखाना मला विचारतो.

माजलगावकर: म्हणून तर खाडा दोघांच्या माथी. 500 रुपये गेले की नवराच म्हणतो, एकदाची पिशवी काढून टाक. दोन दिवसांचा खाडा माफ करून बघा की एक हंगाम.

जुना मुकादम: कारखाना मला माफ करेल तेव्हा.

बांधावरची: या उत्तरावर मी वर्षभर भांडू शकते, पण उद्या मीटिंग आहे. माजलगावकरांचं पाणी नसण्याचं म्हणणं पटलं, आधी डोक्यात आलंच नव्हतं. पॅडला हो म्हणते. मात्र ठरलेल्यातले निम्मेच घेऊ, उरलेल्या पैशांत झाकणाची बादली आणि न्हाणीच्या आडोशाला ताडपत्री.

माजलगावकर: ताडपत्री दोन घ्या. एकच दिलीत तर ती कोपीवर जाईल.