इंदूरजवळ मुलाला पोहायला नेण्यासारखं स्वच्छ पाणी कुठे मिळेल?

सुदामानगरची आई

नमस्कार. मुलगा 10 वर्षांचा आहे, दोन वर्षं तरणतलावात पोहतोय आणि आता त्याला मोकळ्या पाण्याची ओढ लागली आहे. गेल्या महिन्यात माझ्या भावाने त्याला शहराजवळच्या एका तलावात काठाकाठाने उतरू दिलं. पाणी दिसायला छान होतं. घरी येईपर्यंत पोटऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले, रात्रभर खाज. डॉक्टरांनी विचारलं, "पाण्यात गोगलगायी होत्या का?" मला काही सांगता येईना, पण तो म्हणाला, "दगडांना चिकटलेल्या होत्या की!"

माझं माहेर मंडलेश्वरचं. आजीचा हात धरून मी नर्मदेत डुबक्या मारल्या, तसं पाणी त्यालाही मिळावं असं मनापासून वाटतं. पण नेमकं कुठे न्यावं?

निवृत्त जलपरीक्षक

ताई, डॉक्टरांनी अचूक विचारलं. पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून एका परजीवीची अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायींत वाढतात, पुन्हा पाण्यात येतात आणि पक्षी समजून माणसाच्या कातडीत शिरतात. तिथेच मरतात, म्हणून आठवड्याभरात बरं वाटतं. पाणी नितळ असलं तरी हे होतं. उथळ, गवताळ काठ टाळायचा आणि बाहेर आल्याबरोबर अंग खसखसून पुसायचं.

सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव पोहण्याच्या यादीतून काढून टाका. दोन्ही 2022 पासून रामसर पाणथळी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, तिथे पक्षी बघायला जावं. यशवंत सागरचं पाणी तर शहराच्या नळांना येतं.

मी नोकरीभर पाण्याचे नमुने तपासले. स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जुना निकष म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण देणारे जंतू) 500 पर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे घरी मोजता येत नाही. पण पाण्यावर हिरवट साय दिसली तर लांब काठी बुडवून पाहा. काठीला दोऱ्यासारखं शेवाळ लोंबलं तर सहसा काळजी नसते. रंगात बुडवल्यासारखी काठी माखली, तर ते नीलहरित शेवाळ, आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. त्या पाण्यात मूल तर नाहीच, कुत्रंही सोडू नका. शंका राहिली तर पारदर्शक बाटली पाऊण भरून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगताना दिसला तर तिथे जाऊ नका. पण बाटली स्वच्छ निघाली म्हणजे पाण्यात जंतू नाहीत असं होत नाही. त्यासाठी काठावर फिरून नाला कुठे मिळतो ते बघावं लागतं.

चोरलप्रेमी

चोरल धरण बघा. पर्यटन निगमचं रिसॉर्ट आहे, बोटिंग होतं. पावसाळ्यात पाणी चहासारखं असतं. दिवाळीनंतर गेलो तेव्हा डब्याचं पांढरं झाकण दोरीला बांधून सोडलं, ते हातभर खोलीपर्यंत स्पष्ट दिसलं. पोहायचं असेल तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, परवानगीशिवाय उतरू नका. धरणाचा तळ एकदम खोल जातो.

खंडवेकर

हनुवंतियाला इंदिरा सागर धरणाचं पाणी बघून डोळे निवतात. नुसती होडी चालवायची असेल तर तिथे न्या, लाईफ जॅकेट घालूनच. नर्मदेबद्दल मात्र एक सांगतो. ताई, आजीच्या वेळची नदी आता राहिली नाही. वर धरणं आहेत, पाणी सुटलं की काठ बघता बघता बुडतो. एप्रिल 2005 मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला यात्रेच्या दिवशी वरच्या धरणातून सुटलेल्या पाण्यात कितीतरी भाविक वाहून गेले. महेश्वरच्या घाटावर सुद्धा नावाड्याला विचारूनच मुलाला पायरीवर उतरवा.

सुदामानगरची आई

सर्वांचे आभार. धाराजीचं वाचून जरा वेळ गप्प बसले, आई अजून पहाटे घाटावर जाते. तिला आजच फोन करते.

मुलाला दिवाळीनंतर चोरलला नेते. आधी होडी, पोहण्याचं तिथे विचारल्यावर. काठी, बाटली आणि पांढरं झाकण घेऊनच जाईन. काका, झाकण दिसेनासं होतं ती खोली मोजायची की परत दिसू लागतं ती?

निवृत्त जलपरीक्षक

दोन्ही मोजा आणि मधला आकडा घ्या. दुपारी, सावलीच्या बाजूने. आकडा इथे लिहा, मी वाट बघतो.