बजाजीत ऐकलेलं काँगोचं गाणं, अर्ध्यात गिटार एकदम का धावायला लागते?

दारवाला

नमस्कार मंडळी, संगीत विभागात पहिल्यांदाच लिहितोय.

आठ महिने झाले, कामानिमित्त दार-ए-सलामला आहे. इथे आपल्या तीनचाकी रिक्षाला सरळ 'बजाजी' म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुण्याच्या माणसाला किती बरं वाटलं असेल बघा. रोज सकाळी मी एकाच वयस्कर ड्रायव्हरच्या बजाजीने ऑफिसला जातो, सगळे त्यांना 'मझे' म्हणतात म्हणून मीपण तेच म्हणतो, आपण आजोबा म्हणतो तसं. त्यांच्या पेनड्राइव्हवर सगळी जुनी गाणी. जुन्या गाण्यांना इथे 'झिलिपेंद्वा' असा शब्द आहे, म्हणजे एकेकाळी लोकांच्या आवडीची होती ती.

तर त्यातलं एक गाणं डोक्यातून जात नाहीये. सुरुवातीला अगदी संथ, दोन-तीन गळे एकत्र गोड गातात, मागे सॅक्सोफोन, आणि चार-पाच मिनिटांनी काय होतं कळत नाही, गाणारे जरा मागे सरतात आणि एक गिटार तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागते, वेग चढतो, आणि मग ते थांबतच नाही. मझे ट्रॅफिकमधे हॉर्न वाजवायचे थांबतात आणि हँडलवर बोटं वाजवतात. मी शब्दांचा अर्थ विचारला तर म्हणाले मला ही भाषा येत नाही, ही लिंगाला आहे, काँगोची. गाणारा कोण विचारलं तर छातीवर हात ठेवून एकच शब्द, 'फ्रँको'.

हा फ्रँको कोण? तो धावणारा भाग म्हणजे काय? आणि भाषा न येणारा टांझानियातला माणूस चाळीस वर्षं हे का ऐकत असेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मला खरंच ऐकायला शिकायचंय.

जुनी_तबकडी

दारवाला, तुमच्या मझेंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न वाचून रात्री साडेअकराला कपाटातून एलपी काढल्या.

फ्रँको म्हणजे फ्रँको लुआम्बो माकियादी. जन्म १९३८, वाढला लिओपोल्डव्हिलमधे, म्हणजे आजचं किन्शासा, तेव्हा बेल्जियमचं राज्य. वडील रेल्वेत होते, हा लहान असतानाच गेले. आई बाजारात तळलेले गोड गोळे विकायची, आपल्या गुलगुल्यांसारखे. ह्या पोराने पत्र्याच्या डब्याची गिटार केली, तारा म्हणून विजेच्या वायरीतली तांब्याची तार सोलून लावली, आणि आईच्या टोपलीपाशी बसून वाजवायचा म्हणजे गिऱ्हाईक थांबेल. मला हे चित्र कायम दिसतं, तेलाचा वास, धूर, आणि डब्यावर वाजणारी तार. १९५३ मधे, पंधराव्या वर्षी, लोनिंगिसा नावाच्या स्टुडिओत त्याची पहिली रेकॉर्डिंग झाली. स्टुडिओचा मालक ग्रीक होता, तेव्हा तिथल्या रेकॉर्ड कंपन्या ग्रीक व्यापाऱ्यांच्याच हातात होत्या. १९५६ मधे ओके जॅझ हा बँड निघाला, ते ज्या बारमधे वाजवायचे त्या ओके बारवरून नाव. पुढे तो 'तू प्विसाँ' ओके जॅझ झाला, सर्वशक्तिमान ओके जॅझ, आणि १९८९ मधे फ्रँको बेल्जियममधे वारला त्यानंतरही काही वर्षं चालला. झाईरमधे (काँगोचं तेव्हाचं नाव हेच) चार दिवस दुखवटा होता. गवयासाठी चार दिवस.

पण एकट्या फ्रँकोने हे केलं असं नका समजू. ह्या संगीताला काँगोली रुम्बा म्हणतात आणि त्याची गोष्ट जहाजांची आहे. काँगोच्या किनाऱ्यावरून लाखो माणसं गुलाम करून अमेरिकेकडे नेली, त्यातली कितीतरी क्युबात. तिथे त्यांच्या ढोलांचं आणि स्पॅनिश गाण्यांचं मिळून जे झालं ते १९३३ पासून एचएमव्हीच्या जीव्ही नावाच्या मालिकेतल्या तबकड्यांवर परत आफ्रिकेत आलं. किन्शासातल्या पोरांनी ते ऐकलं आणि त्यांना ते परकं वाटलंच नाही. रुम्बा हा शब्दच मुळात कंबरेला असलेल्या त्यांच्या 'न्कुम्बा' शब्दावरून आला असं काँगोवाले सांगतात. घरातून गेलेली वस्तू शंभर वर्षांनी दारात परत आल्यासारखं. मग क्युबात जे पियानो करायचा ते ह्यांनी गिटारवर घेतलं, आणि तिथेच सगळं बदललं.

ओके जॅझच्याही आधीचा दुसरा मोठा बँड आफ्रिकन जॅझ, त्याचा गायक जोसेफ काबासेले, लोक 'ग्राँ काले' म्हणायचे. जानेवारी १९६० मधे ब्रसेल्सला काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू होत्या, हा बँड तिथे गेलेला, ओके जॅझचेही दोघं सोबत घेऊन, आणि तिथेच 'अँदेपांदाँस चा चा' हे गाणं झालं. स्वातंत्र्य मिळालं एवढा साधा विषय, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांची नावं घेतलेली, आणि वर डॉक्टर निको नावाच्या माणसाची गिटार. काँगो ३० जून १९६० ला स्वतंत्र झाला, त्या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश सुटले, आणि हे गाणं रेडिओवरून त्यांच्यापैकी कितीतरी देशांत पोचलं. भाषा कुणाला येत होती? मझेंचा प्रश्न तिथेच सुटतो. आपण नाही का भीमसेनजींची कन्नड भजनं डोळे मिटून ऐकत, कन्नड कुठे येतं आपल्याला.

सहावी_तार

मी गिटार वाजवतो म्हणून फक्त त्या धावणाऱ्या भागाबद्दल लिहितो. त्याला सेबेन म्हणतात.

भजनी मंडळात बघा, अभंग संथ चालू असतो, एकेक कडवं, आणि मग शेवटी गजर सुरू होतो, टाळ चढतात, शब्द दोनच राहतात आणि लय सगळं ताब्यात घेते. सेबेन म्हणजे त्यांचा गजर. फरक इतकाच की शब्दांच्या जागी गिटारचा तुकडा असतो. तो कथकच्या लेहऱ्यासारखा फिरत राहतो, आणि नाचणारे त्यावर नाचतात. १९४८ मधे वेंडो कोलोसोय नावाच्या गायकाचं 'मारी-लुईझ' आलं, हा माणूस काँगो नदीवरच्या बोटीवर मेकॅनिक होता, त्यात आंरी बोवानने गिटारवर हा असा भाग वाजवला आणि तिथून ती रीतच पडली. ते गाणं मध्यरात्री लावलं तर मेलेली माणसं उठतात अशी बोलवा झाली होती.

आता ऐकायचं कसं. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर हे हाती लागणार नाही. एक गिटार खाली तालाचे कॉर्ड धरून असते, ती सोडून द्या. एक वर, चकचकीत, ती तुम्हाला आपोआप ऐकू येते. ह्या दोघींच्या मधे तिसरी असते, तिला 'मी-सोलो' म्हणतात, म्हणजे अर्धी सोलो. ती वरच्या गिटारच्या रिकाम्या जागा भरते, अगदी नेमक्या, एक सूर इकडे नाही तिकडे नाही. दोन बायका उखळात आळीपाळीने मुसळ घालतात, एकीचं वर जाताना दुसरीचं खाली, तसं. ते एकदा सापडलं की कान दुसरं काही ऐकत नाही. मी दोन वर्षं ते घरी बसवायचा प्रयत्न केला, कॉर्ड तीनच आहेत, बोटांनाही अवघड नाही, पण मधली गिटार एकट्याला वाजवताच येत नाही, तिला शेजारी लागतो.

फ्रँको स्वतः अंगठा आणि तर्जनीने वाजवायचा, दोन तारा एकदम छेडून, त्यामुळे त्याचा आवाज जाड आणि खरखरीत. डॉक्टर निको उलट, पाण्यासारखा स्वच्छ. किन्शासात ह्यावरून घराणी पडली, ओके जॅझची एक आणि आफ्रिकन जॅझची दुसरी. मला स्वतःला निको जास्त आवडतो पण रात्री उशिरा फ्रँकोच लागतो.

कोकणकन्या

सगळं सुंदर लिहिलंय पण दारवाला, तुम्ही ज्या किनाऱ्यावर बसलाय तिथलंच एक नाव राहिलं आणि त्याचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिती बिंती साद. १८८० च्या सुमारास झांझिबार बेटावर फुम्बा गावात जन्मली, घराणं गुलामांचं. आई मडकी करायची आणि ही पोर ती डोक्यावर घेऊन गावोगाव ओरडत विकायची. त्या ओरडण्यातून गळा तयार झाला. १९११ मधे शहरात आली, गाणं रीतसर शिकली. तेव्हा झांझिबारचं ताराब संगीत सुलतानाच्या महालातलं, अरबी भाषेतलं. सितीने ते स्वाहिलीत गायलं, गल्लीतल्या लोकांच्या भाषेत, आणि गल्लीतल्याच गोष्टी त्यात आणल्या. 'किजिती' नावाचं तिचं गाणं एका खऱ्या खुनाबद्दल आहे, दार-ए-सलामहून आलेल्या बाईला मारून माणूस पळून गेला आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या बायकाच कायद्यात अडकल्या. कोर्टात जे बोलता आलं नाही ते ती गाण्यात बोलली. तिच्या दिसण्यावरून, गुलाम घराण्यावरून लोकांनी चिडवणारी गाणी रचली, तिने त्यांनाही गाण्यातच उत्तर दिलं.

आणि १९२८ मधे एचएमव्हीने तिला आणि तिच्या साथीदारांना रेकॉर्डिंगसाठी बोटीने मुंबईला आणलं. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज तबकडीवर पहिल्यांदा गेला तो आपल्या शहरात! १९३१ पर्यंत तिच्या आणि साथीदारांच्या ७० हजारांवर तबकड्या खपल्या होत्या. तेव्हा झांझिबारमधे चलनही रुपयाच होतं, विचार करा, मडकं विकणारी पोर रुपयात मडकं विकायची. माझी आजी १९२८ मधे गिरगावात सहा वर्षांची होती. बोटीतून उतरलेली ही मंडळी, हातात ऊद नावाचं अरबी तंतुवाद्य आणि व्हायोलिन, त्यांना मुंबई कशी दिसली असेल हा विचार मला गेली कितीतरी वर्षं सोडत नाही.

पुढे तर हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द घालून ताराब गाणारे केनियातल्या मोंबासात झाले, जुमा भालो त्यातला गाजलेला, साथीला हार्मोनियम आणि तबला. मझेंना सितीबद्दल नक्की विचारा.

पाराबाहेरचा

इतकं प्रेमाने लिहिलंय सगळ्यांनी, तरी एक गोष्ट बोलली पाहिजे. फ्रँकोने १९८४ मधे झाईरचा हुकूमशहा मोबुतू ह्याच्या निवडणुकीसाठी अख्खं गाणं केलं, 'कांदिदा ना बिसो मोबुतू', आमचा उमेदवार मोबुतू, उमेदवार तो एकटाच होता. १९७४ मधे सरकारच्या मेहेरबानीने रेकॉर्ड छापायचा कारखाना त्याच्या हातात आला. हुकूमशहाचा गवई होता तो. त्याच काळात नायजेरियात फेला कुटी हा गायक लष्कराला तोंडावर 'झॉम्बी' म्हणत होता, १९७७ मधे सैनिकांनी त्याचं घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली टाकलं, त्या दुखण्यातच ती पुढच्या वर्षी गेली, तरी तो गातच राहिला. माझ्यासाठी आफ्रिकेचा आवाज फेला आहे.

जुनी_तबकडी

पाराबाहेरचा, फेलाबद्दल एक शब्द कमी करणार नाही, आणि त्याच्यासोबत ड्रमवर टोनी ॲलन होता हेही लिहायला हवं, चार हातापायांत चार वेगळ्या लयी, तो नसता तर ते संगीत उभंच राहिलं नसतं.

पण फ्रँकोची दुसरी बाजू पण घ्या. १९६६ मधे मोबुतूने चार पुढाऱ्यांना भर चौकात, हजारो लोकांसमोर फाशी दिली. त्यानंतर फ्रँकोचं 'लुवुम्बु न्दोकी' आलं, आपल्याच माणसांचा बळी देणाऱ्या मुखियाबद्दल, लोककथेच्या आडून. तबकड्या जप्त झाल्या आणि तो काही काळ नदीपलीकडे ब्राझाव्हिलला जाऊन राहिला. १९७८ मधे अश्लील गाण्यांसाठी तुरुंगातही गेला. हा माणूस राजवटीसोबतही होता आणि राजवटीला टोचतही होता, दोन्ही खरं आहे, आणि त्याची स्तुतीची गाणी मी लावत नाही. मी 'मारिओ' लावतो, १९८५ चं, श्रीमंत मोठ्या बाईच्या जिवावर जगणाऱ्या शिकलेल्या तरुणाची गोष्ट, शेजाऱ्यांचं भांडण भिंतीआडून ऐकावं तसं. आणि १९८७ चं 'आतांसियाँ ना सिदा', एड्सपासून जपा. लोक तेव्हा तो शब्द तोंडातून काढत नव्हते. त्याने ते बरंचसं फ्रेंचमधे केलं, म्हणजे लिंगाला न येणाऱ्यांनाही कळेल, आणि त्यात विद्यार्थी, आईबाप, शिक्षक, डॉक्टर अशा एकेकाला हाक मारून सांगतो. त्याचा आवाज थरथरतो त्यात.

दारवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, मी तीन रात्री हेच ऐकतोय.

मझेंना सितीचं नाव सांगितलं तर त्यांनी बजाजी कडेला घेतली आणि वळून बघितलं माझ्याकडे. त्यांची आजी झांझिबारची, ती सितीची गाणी जात्यावर म्हणायची म्हणे. मी म्हणालो ती गाणी माझ्या देशात, मुंबईत रेकॉर्ड झाली. त्यांना हे माहीत नव्हतं. दोनदा विचारलं, बॉम्बे? बॉम्बे?

पाराबाहेरचा, तुमचं पण पटलं, फेला रविवारी लावणार आहे नीट वेळ काढून.

आज ऑफिसच्या गेटपाशी पोचलो तेव्हा 'मारिओ'चा सेबेन चालू होता. मझेंनी इंजिन बंद केलं, गाणं नाही केलं. दोघं तसेच बसून राहिलो. सहावी_तार, तुम्ही म्हणता ती मधली गिटार मी शोधतोय, अजून दोनच ऐकू येतायत. ती डाव्या कानात असते का उजव्या?