जुन्या चिनी मातीच्या बाउलची कड सुटायलीय, कल्हई करावी का?

जालन्याची_सून
सासूबाईंच्या माहेरचा, अंबडचा, एक बाउल माझ्याकडं आलाय. पांढऱ्या चिनी मातीवर निळी फुलं, वर चांदीसारखी कड अन् दोन्ही बाजूंनी कान. दिवाळीत त्यात अनारसे ठेवायचे म्हणे. आता कड हलायलीय, खालून पांढरी भुकटी गळायलीय अन् कानांवर पिवळट डाग पडलेत. कडेवर बारीक अक्षरात ई.पी.एन.एस. अन् बुडाला नुस्तं इंग्लंड. चांदीचा आहे का? कल्हईवाला म्हणतो आणा, करून देतो.

गोदाकाठ
ताई, कल्हई अजिबात नका करू! भांडं तापवून वर कथील फिरवतात, तेवढ्या आचेनं चिनी माती तडकून जाईल. अन् ई.पी.एन.एस. म्हणजे विजेनं चांदीचा मुलामा दिलेलं निकेल सिल्वर. चांदी फक्त वरच्या मुलाम्याची, आत निकेल सिल्वर म्हणजे तांबं, जस्त अन् निकेल. मुलामा घासला की तेच पिवळट दिसतं. विजेनं असा मुलामा चढवायचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं १८४० साली घेतलं, मग घरोघरी असा माल झाला. बुडाला देशाचं नाव असेल तर बहुतेक १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देश छापणं सक्तीचं झालं. मेड इन असतं तर अजून अलीकडचं समजलं असतं.

जुनी_भांडी_परभणी
भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, कड त्यातच बसवलेली असते. म्हणून असलं भांडं पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, प्लास्टर भिजून सुटतं. सैल झालेलं ब्रशनं काढा अन् नवीन कालवून भरा, एपॉक्सी गोंद नको, कारण पुढं कधी कड काढायची झाली तर माती फुटेल पण ते निघणार नाही. चिंच-लिंबू, राख काही लावू नका, आहे तो मुलामा जाईल, मऊ सुती कापडानंच पुसा.
मी एका बाउलला नव्यानं मुलामा चढवून घेतला होता, त्यानं कानावरची बारीक वेलबुट्टी सपाट करून दिली. बोट फिरवलं की अजून जीव हळहळतो. पिवळट डाग राहू द्या ताई, हात लागून लागूनच पडलेत ते.

जालन्याची_सून
कल्हईवाल्याला नाही म्हणून सांगितलं. आत्ता टॉर्च लावून बघितलं तर डाग बरोबर अंगठा टेकतो तिथंच हायेत, दोन्ही कानांवर. प्लास्टर रविवारी भरते, पिठासारखं कालवायचं का दह्यासारखं?

जुनी_भांडी_परभणी
घट्ट दह्यासारखं. थोडं थोडंच कालवा, लगेच आवळतं.