पूलमधला सीक्यू घेतल्यावर डन कॉलबॅकमध्ये नल पॉइंटर

प्रश्न

लिनक्स ५.१०, एमएलएक्स५ कार्ड (आरडीएमए, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट वाचणं-लिहिणं, जमणारं नेटवर्क कार्ड). स्टोरेजचा स्वतंत्र ड्रायव्हर दर कनेक्शनला आयबी_अलॉक_सीक्यू करत होता, म्हणजे स्वतःचा सीक्यू (कम्प्लिशन क्यू, पूर्ण झालेल्या कामांच्या नोंदींची रांग) बनवत होता. आता त्या जागी आयबी_सीक्यू_पूल_गेट टाकलंय, ते कर्नलच्या सामायिक पूलमधला सीक्यू देतं. त्याच कार्डावर एनव्हीएमई-आरडीएमए (नेटवर्कवरून एनव्हीएमई डिस्क वापरणारा ड्रायव्हर) हाही चालतो. कनेक्शन जुळतं, पण पहिल्याच कम्प्लिशनला (काम पूर्ण झाल्याच्या नोंदीला) ती हाताळणारा डन कॉलबॅक नल पॉइंटरवर कोसळतो. तो पॉइंटर सीक्यू->सीक्यू_कॉन्टेक्स्टमधून घेतलाय. शिवाय कनेक्शन तोडताना सीक्यूई_यूज्डची (सीक्यूतल्या वापरात धरलेल्या जागांच्या मोजणीची) वॉर्निंग येते, तीही कधीतरीच. सीक्यूचा आकार (किती जागा) किती मागायचा, तेही सांगा.

उत्तर १

पूलमधला सीक्यू कुणा एका ड्रायव्हरचा नसतो. कर्नल तो कॉन्टेक्स्ट नल ठेवूनच बनवतो. कॉलबॅकमध्ये डब्ल्यूसी->क्यूपी->क्यूपी_कॉन्टेक्स्ट वाचा (डब्ल्यूसी म्हणजे कम्प्लिशनची नोंद, क्यूपी म्हणजे कनेक्शनची सेंड-रिसीव्ह रांगांची जोडी), आणि क्यूपी बनवताना तिथे आपला पॉइंटर भरा. एनव्हीएमई-आरडीएमएही तसंच करतो.

आकाराचा हिशेब त्याच ड्रायव्हरसारखा मांडा: एका रिक्वेस्टमागे मेमरी रजिस्ट्रेशन, सेंड, इनव्हॅलिडेट आणि रिसीव्ह, म्हणजे चार, वर ड्रेनसाठी (तोडण्याआधी रांग रिकामी करण्यासाठी) एक. १२८ खोलीच्या (एकावेळी १२८ रिक्वेस्टच्या) रांगेला ४ × १२८ + १ = ५१३.

उत्तर २

वॉर्निंग ‘कधीतरीच’ का, ते महत्त्वाचं. गेटला दिलेला आकडाच पुटला (सीक्यू पूलला परत करणाऱ्या आयबी_सीक्यू_पूल_पुटला) द्यावा लागतो. रीकनेक्टनंतर खोली बदलली आणि पुटच्या वेळी आकडा नव्याने काढला, तर मागितलं ५१३ आणि परत केलं १०२५ असं होतं. सीक्यूवर तुम्ही एकटेच असाल तर वॉर्निंग पडते. शेजारी एनव्हीएमईच्या रांगा असतील तर वजाबाकी गुपचूप होते आणि त्यांच्या वाट्याचा हिशेब खाल्ला जातो. मग पूल त्याच सीक्यूवर आणखी कनेक्शनं चढवतो, सीक्यू ओव्हररन होतो (नोंदींना जागा उरत नाही) आणि आयबी_इव्हेंट_सीक्यू_ईआरआर येतो. त्यावरची सगळीच कनेक्शनं आडवी होतात. चूक तुमची, बोंब दुसऱ्या ड्रायव्हरची! आकडा रांगेच्या स्ट्रक्टमध्ये साठवा, पुन्हा काढू नका.

तोडण्याचा क्रम: आधी आयबी_ड्रेन_क्यूपी, मग क्यूपी नष्ट, शेवटी पुट. पूलच्या सीक्यूवर आयबी_फ्री_सीक्यू चुकूनही नको.

उत्तर ३

भर घालतो. पूल एका सीक्यूला किमान ४०९६ जागा मागतो (कार्डाची कमाल मर्यादा कमी असेल तर तेवढ्या), पण एमएलएक्स५ एक मिळवून दोनच्या पुढच्या घातापर्यंत नेतो, म्हणजे ८१९१. ५१३च्या १५ रांगा बसतात. ४०९६वर सातच बसल्या असत्या, आठवीला ८ जागा कमी पडतात. म्हणून हिशेब सीक्यू->सीक्यूई (सीक्यूची खरी क्षमता) वाचूनच करा.

आयबी_पोल_डायरेक्ट (ड्रायव्हरने स्वतःच सीक्यू तपासत राहायची पद्धत, म्हणजे पोलिंग) पूलमध्ये चालत नाही. पोलिंगच्या रांगांना पूर्वीसारखा स्वतःचा सीक्यू घ्या. मॉडरेशन (अनेक कम्प्लिशन जमवून एकच इंटरप्ट देणं) आणि रीसाइझही पूलच्या सीक्यूवर मिळत नाहीत, शेजाऱ्याची लेटन्सी बिघडेल ना. आणि सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतरचं काम उरकणाऱ्या कर्नलच्या भागात) एका फेरीचं बजेट २५६ कम्प्लिशनचं, तेही आल्या क्रमाने. एखादी रांग धो धो वाहत असेल तर बाकीच्या तिच्यामागे ताटकळतात. लेटन्सी जपायची असेल तर व्हेक्टरचा (कम्प्लिशनचा इंटरप्ट कोणत्या सीपीयूकडे जाईल ते ठरवणाऱ्या क्रमांकाचा) हिंट -१ न देता तुमची रांग ज्या सीपीयूवर चालते त्याचा द्या.