मदत हवी आहे: स्कोपच्या बाजूला रेड डॉट बसवलाय, झिरो किती मीटरवर करू?

कोरेगावचा_नेम
नमस्कार मंडळी. रायफलवर स्कोप आहेच, त्याच्या उजव्या अंगाला ४५ डिग्रीच्या माउंटवर छोटा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसतो ती साईट) बसवलाय. तो किती मीटरवर झिरो करायचा, म्हणजे कुठल्या अंतरावर छर्रा बरोबर ठिपक्यावर बसवायचा, एवढंच सांगा. यूट्यूबवर एक म्हणतो ५० यार्ड, दुसरा म्हणतो २५, तिसरा म्हणतो स्कोपचा झिरो जिथं तिथंच डॉटचा पण करा. रविवारी रानात आमची सगळी पोरं जमणारेत त्याच्या आत काम झालं पाहिजे, डोकं उठलंय नुसतं. लांबड न लावता आकडा सांगा.

मिरज_एअरगन
आकडा सांगतो भावा पण रायफल कुठली ते सांग की आधी. एअरगन का .२२? स्प्रिंगची का पीसीपी (दाबाची हवा टाकीत भरायची)? छर्रा किती ग्रेन वजनाचा? आणि डॉट नळीपासून किती उंच बसलाय? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीस, आकडा कशावरनं काढायचा?

सुभेदार_निवृत्त
२५ मीटर. डोळे झाकून २५. फौजेत आम्ही आधी जवळच्या अंतरावर ग्रुपिंग घ्यायचो, म्हणजे एकाच नेमावर ओळीनं गोळ्या मारायचो, ग्रुप एका जागी पडल्याशिवाय साईटला हात लावू द्यायचे नाहीत. ५.५६ मिमी रायफलची गोळी २५ ला रेषेवर आणली की ती वर जाऊन पुढं ३०० च्या आसपास परत रेषेवर येते, म्हणजे मधलं सगळं अंतर छातीवर नेम धरला तरी लागतं. पोरांनी हे शिकून घ्यावं.

नियम_वाचा
रायफल म्हणताय तर लायसन्स आहे का? २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन असेल तरच लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. आणि रानात म्हणजे नेमकं काय मारणार आहात? शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, ससा असो नाहीतर मोर, दोन्ही अंगाशी येतं.

कोरेगावचा_नेम
अहो एअरगनच आहे, .१७७ म्हणजे ४.५ मिमीची पीसीपी, २० ज्यूलच्या आतली, बिल आहे माझ्याकडं. शिकार कोण करतंय? पत्र्याच्या फिरत्या चकत्या लावतो आम्ही आमच्याच रानात, मागं मातीचा बांध आहे पुरुषभर उंच. आता सांगा आकडा.

मिरज_एअरगन
चकत्या किती अंतरावर? केवढ्या?

कराडचा_दाजी
माझं ऐक, तो डॉट काढून टाक. एवढ्या पैशात चांगले छर्रे आले असते. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं ते काय डॉट लावून? पीप साईट होती, बारीक भोकातनं बघायची. आपल्या कोल्हापूरकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, अभिमान वाटतो. नेम डोळ्यात असतो, काचेत नाही.

तासगाव_द्राक्ष
दाजी, आयएसएसएफच्या (जागतिक नेमबाजी संघटनेच्या) स्पर्धेत रायफलला डॉट चालतच नाही म्हणून तिथं नव्हता, त्याचा इथं काय संबंध. ह्याचा खेळ वेगळा, स्पर्धा वेगळी. बाकी स्वप्नीलबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं.

कोरेगावचा_नेम
चकत्या ४ सेंटीमीटरच्या. जवळची ८ मीटरवर, मग १२, १८, २५, आणि स्कोपवाल्या ३५ न् ४५ वर. वेळ लावून मारायच्या असतात. स्कोप १६ पटीचा आहे, १० मीटरच्या आत चित्र फुटतं, काही दिसत नाही, म्हणून जवळच्यांसाठी डॉट घेतला. छर्रा ८.४४ ग्रेन. कंपनीनं ८०० फूट प्रति सेकंद लिहिलंय. झालं समाधान?

मिरज_एअरगन
झालं. आता उंची मोज. डॉटच्या काचेचा मध्य ते नळीचा मध्य, सरळ रेषेत, रायफल डॉटकडनं बघताना जशी धरशील तशी धरून. वर्निअर नसेल तर शाळेची पट्टी चालेल.

सुभेदार_निवृत्त
मी २५ सांगितलंय. एवढं मोजमाप कशाला?

तासगाव_द्राक्ष
काका, तुमची गोळी सेकंदाला ९०० मीटर, ह्याचा छर्रा २४०. तुमचं २५–३०० चं गणित छर्ऱ्याला लागू होत नाही, छर्रा ४० मीटरवर पोचेपर्यंत वीतभर खाली आलेला असतो, ग्रुपिंगचं म्हणाल तर ते मात्र सोळा आणे खरं, एकेक छर्रा मारून साईटच्या स्क्रूचे क्लिक फिरवत बसला तर दिवस जाईल न् झिरो होणार नाही.

कोरेगावचा_नेम
उंची ५ सेंटीमीटर भरली.

मिरज_एअरगन
बरं, आता ऐक. ८.४४ ग्रेन, २४० मीटर प्रति सेकंद, उंची ५ सेंमी धरून मांडलंय, थोडं इकडं तिकडं होईल पण दिशा हीच.

छर्रा नळीतनं निघतो तेव्हा डॉटच्या रेषेच्या ५ सेंमी खाली असतो. मग वर चढतो, रेषा ओलांडतो, परत खाली येतो. झिरो म्हणजे त्या ओलांडण्याच्या दोन जागांपैकी एक, बस.

१० मीटरवर झिरो केलास तर २० ला ३ सेंमी वर जाणार, २५ ला साडेतीनच्या पण पुढं. तुझी चकती मध्यापासून २ सेंमीचीच, म्हणजे लांबच्या दोन्ही चकत्यांच्या डोक्यावरनं छर्रा जाईल. २० वर केलास तर १८ न् २५ अगदी मध्यात, पण १२ ला सेंटीमीटरभर खाली आणि ८ ला २ सेंमी खाली, म्हणजे ८ ची कडेला घासून जाणार. १५ वर कर. २० आणि २५ ला पाऊण-एक सेंमी वर, ३० च्या थोडं पुढं परत रेषेवर, १२ ला अर्धा-पाऊण खाली. ८ ला मात्र पावणेदोन खाली राहील, त्याला इलाज एवढाच की ८ च्या चकतीच्या वरच्या कडेवर डॉट ठेवायचा. बाकी तिन्ही मध्यावर धरायच्या.

२५ वर झिरो करायचा म्हणालास तर जवळजवळ २० सारखंच चित्र आहे, जवळची चकती तशीच खाली.

कराडचा_दाजी
१० च बरोबर आहे. १० मीटरची एअर रायफल जगभर १० वरच मारतात.

मिरज_एअरगन
दाजी, तिथं टार्गेटच १० वर असतं, दुसरीकडं मारायचंच नसतं. ह्याला चार अंतरं एका झिरोत बसवायचीत. चकत्या १० ते १२ च्या पट्ट्यातच असत्या तर मीच १० सांगितलं असतं.

वाई_४१२८०३
एक महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. झिरो करताना रायफल सरळ उभी ठेवू नका. डॉट उजवीकडं आहे, रायफल डाव्या अंगाला कलंडवून मगच डॉट बरोबर नळीच्या माथ्यावर येतो, तशीच कलंडलेली धरून झिरो करा.

सांगलीकर_पीसीपी
असं कसं, रायफल कलंडली की छर्रा बाजूला जातो, ही तर पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट. सरळच ठेवून झिरो करायचा.

वाई_४१२८०३
ते स्कोपचं झालं. स्कोप झिरो केला सरळ धरून आणि मारला कलंडवून तर बाजूला जाणारच. इथं डॉट कलंडलेल्या अवस्थेतच झिरो होतोय, त्या अवस्थेत डॉट वर न् नळी खाली, एका उभ्या रेषेत. तुमच्यासारखं सरळ धरून मान वाकडी करून बघितलं तर डॉट नळीच्या साडेतीन सेंमी उजवीकडं राहतो. मग १५ ला जुळवला तरी साडेसातला छर्रा पावणेदोन डावीकडं आणि ३० ला साडेतीन उजवीकडं. उंचीचं गणित करायचं का आडवं करायचं, दोन्ही एकदम कशाला अंगावर घ्यायचं?

सांगलीकर_पीसीपी
माझा तसाच आहे आणि मला लागतं.

वाई_४१२८०३
तुमच्या सगळ्या चकत्या एकाच अंतरावर असतील तर लागणारच. ह्याच्या नाहीत.

आणि कलंडणं दर वेळी सारखं पाहिजे. टार्गेटच्या शेजारी गवंड्याचा ओळंबा टांगा. काचेत बघताना डॉटच्या चौकटीची कड ओळंब्याच्या दोरीला समांतर दिसली की रायफल जागेवर आली. दोन-चार दिवस दोरी बघून मारलं की हाताला सवय होते, मग ओळंबा लागत नाही.

विटा_चष्मा
डॉट गोल दिसतो का पसरट? मला कायम धूमकेतूसारखा दिसायचा, मी डॉटला दोष देत होतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातनं काचेतनं बघा, तिथं गोल दिसला तर डॉट चांगला आहे, डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे. चष्मा लावून बघा.

कोरेगावचा_नेम
गोल दिसतोय दादा. तो प्रश्न नव्हता पण धन्यवाद.

तासगाव_द्राक्ष
उजेड कमी ठेव फक्त. ३ एमओएचा (एमओए म्हणजे ठिपक्याच्या आकाराचं माप) डॉट असेल तर २५ मीटरवर तो सव्वादोन सेंमी झाकतो, अर्धी चकतीच झाली, त्यात उजेड वाढवला की अजून फुगतो. आणि ८ मीटरवर डॉट काचेच्या मध्यात ठेव. हे डॉट लांबच्या अंतराला जुळवून बनवलेले असतात, कडेला गेला की जवळच्या अंतरावर पाऊण-एक सेंमीचा फरक पडतो, तुझ्या चकतीला तेवढा पुरे. वाऱ्याचं पण बघ, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरायला लागल्या की तुमच्याकडं पण दुपारी सुटतो, झिरो सकाळी कर.

नियम_वाचा
८ मीटरवर पत्रा म्हणजे शिशाचे तुकडे परत येतात. गॉगल सगळ्यांना, बघणाऱ्या पोरांना पण. चकती थोडी खाली झुकवून टांगा म्हणजे तुकडे जमिनीत जातील. आणि स्टीलच्या गोळ्या त्या पत्र्यावर अजिबात मारू नका, उलट्या फिरतात.

सुभेदार_निवृत्त
हे बरोबर बोलला. सेफ्टी पहिली, झिरो नंतर.

कोरेगावचा_नेम
सकाळी केलं. १५ मीटर, कलंडवून, ओळंबा टांगून, पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप घेऊन. १८ न् २५ च्या चकत्या वाजतायत मध्यात. ८ ला छर्रा बोटभर खाली पडतोय, वरच्या कडेवर धरला की लागतोय. १२ ला काही करावं लागलं नाही. गॉगल आणायला पाठवलाय भावाला. सुभेदार काका, रविवारी या की रानात, ग्रुपिंग तुमच्याकडनंच शिकायचंय पोरांना.

सांगलीकर_पीसीपी
कलंडवून धरताना दस्ता खांद्यात कसा बसतो? फोटो टाक, माझा सटकतो.

मिरज_एअरगन
माउंटचा पण फोटो टाक, स्क्रू किती घट्ट केलेत ते दिसू दे. टाकी रिकामी व्हायला आल्यावर वेग पडतो तेव्हा ८ न् २५ परत तपास आणि इथं लिही.