मदत हवी आहे: लिनक्सवाल्या पीसीसाठी महिना ५०० च्या आत कोणतं नेट घ्यावं?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमच्या जुन्या डेस्कटॉपवर (आय३, ४ जीबी रॅम) विंडोज ११ काही चढेना, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही फुकट, हलकी सिस्टिम टाकली. मशीन मस्त पळतंय. घोडं अडलंय ते नेटपाशी.

सध्या मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करतो. ड्रायव्हर-बिव्हर काही न मागता लगेच जोडलं जातं. पण रोजचा डेटा दीड जीबी, तो मिंटच्या पहिल्याच अपडेटने दुपारच्या आत खाल्ला. शिवाय मी कामाला निघालो की नेटही माझ्या खिशातून निघतं. मुलीचा अभ्यास आणि आबांची कीर्तनं दोन्ही बंद.

राहायला कराडजवळच्या खेड्यात. केबलवाल्याचं फायबर दारावरूनच गेलंय, महिना ४००, पण सहा महिन्यांचे एकदम भरायचे. लिनक्स म्हटल्यावर त्याचा पोरगा म्हणतो, "काका, आमचं लॉगिन विंडोजवरच होतं." खरं आहे का हे? बीएसएनएलचं फायबर पलीकडच्या आळीपर्यंत आलंय. ३९९ चा ३० एमबीपीएस प्लॅन बघितला, पण १८ टक्के जीएसटी धरला की तो ४७१ ला पडतो. छतावर अँटेना लावून मिळणारं ५जी मला जीएसटीसकट ७०० च्या वर सांगितलं, म्हणजे बाद.

अजून एक. राउटर सोप्यात बसणार आणि पीसी माजघरात, मध्ये दोन फुटी मातीची भिंत. म्हणून साडेतीनशेचा वायफाय डोंगल आणला. तो लावला की डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं, आत विंडोजची सेटअप फाइल. वायफाय मात्र नाही.

प्रतिसाद

पोराचं मनावर घेऊ नका. त्याला लॉगिन म्हणजे पीपीपीओई, आयडी-पासवर्ड टाकून नेट जोडायची पद्धत, म्हणायचं असणार. तो आयडी-पासवर्ड राउटरमध्येच भरायला लावा. मग पीसीवर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अगदी पीसीवरच भरायची वेळ आली, तरी मिंटच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये 'डीएसएल/पीपीपीओई' आहेच.

डोंगल बहुतेक रिअलटेकचा असेल. त्यातले काही आधी सीडी बनून येतात. त्या चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट करा, मिनिटभर थांबा. मिंट २२ असेल तर वायफाय दिसायची बरीच शक्यता. पण खरं सांगू? त्या भिंतीला भोक पाडा आणि १५ मीटर लॅन केबल ओढा. ड्रायव्हरची कटकटच नको.

३० एमबीपीएस तुम्हाला पुष्कळ झालं. पावणेतीन जीबीची मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी फाइल, साधारण १३ मिनिटांत उतरते. निवडताना तार तुटली की किती दिवसांत माणूस येतो, ते शेजाऱ्यांना विचारा. आणि सहा महिन्यांचे एकदम भरू नका, आधी एक महिना मागा, थोडे जास्त पडले तरी चालतील.

धागाकर्ता

इजेक्ट केलं, वायफाय दिसायला लागलं! भिंतीपलीकडे मात्र एकच काडी येते, तीही मोबाइल हॉटस्पॉटची. गवंड्याला सांगितलंय. केबलवाला एका महिन्याचे ४५० घेऊन जोडणी द्यायला तयार झालाय. आता लाइट गेल्यावर राउटर बंद पडणार, त्यावर स्वस्तात काही?

प्रतिसाद

राउटरचा मिनी यूपीएस मिळतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी अडॅप्टरवरचा आकडा वाचून मगच घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागेल, हे विसरू नका.